पाच पाऊण पावणेचार

शुक्रवार, रात्री साडेदहा

झोप लागत नाहीये. कारण अगदी फालतू आहे. भाऊच्या धक्क्यावर लाँचमधल्या पोरानं जॅकेट हातात देता देता विचारलं, "मावशी, पयल्यांदाच का?" आणि मी म्हटलं, "हो."

का म्हटलं?

पाच वर्षं कॉलेजला मी उरणचं मोरा बंदर ते धक्का याच वाटेनं केली. थोरलीच्या वेळी सातव्या महिन्यात याच लाँचला फळीवरून चढले होते, खाली पाणी चुबकचुबक करत होतं आणि आई मागून ओरडत होती. आणि तो कालपरवाचा पोरगा मला पट्टा कसा आवळायचा ते दाखवत होता. मी निमूट हात वर करून उभी. वर त्यानं "कुठं चाललाव?" विचारलं, तर मी म्हटलं, "फिरायला."

सहीचं काम होतं. त्याबद्दल इथे लिहायचं नाही, विनूला शब्द दिलाय.

खरं तर कुणी पाहिलं असतं तर सकाळीच कळलं असतं की बाई नवखी नाही. कालनिर्णयात पंचमी बघितली आणि तोंडातून आपोआप निघालं, पाच पाऊण पावणेचार. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. म्हणजे पावणेदहाला सुकती, पूर्ण ओहोटी, मोऱ्याला नुसता गाळ, लाँच लागायची नाही. तेव्हा आरामात जेवून निघाले. धक्क्यावर पोचले तर सकाळी नऊपासून ताटकळलेली मंडळी पिशव्यांवर बसून तिकीटवाल्याशी भांडत होती. दादांनी शाळेच्या आधी पाऊणकी शिकवली होती ती पाढा म्हणून नव्हेच. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. परळच्या घरात हे कुणाला ऐकवायचं? इथे भरती म्हणजे पावसाळ्यात बातम्यांत सांगतात ती, रुळावर पाणी येणार की नाही एवढ्यापुरती.

तर एवढं सगळं पोटात घेऊन मी "हो" म्हटलं.

मला वाटतं, त्याच्या विचारण्यात चूक नव्हतीच. मी दिसते तशी. पायात पांढरे बूट, पाठीला सॅक, डोक्यावर थोरलीनं दिलेली ती टोपी. दादांच्या तेराव्यानंतर लाँचला पाय लावला नव्हता. १२ जानेवारी २०२४ ला एकाच दिवशी अटल सेतूही सुरू झाला आणि उरणपर्यंत लोकलही. मग काय, विनूच्या गाडीतून नाहीतर नेरूळवरून. पाण्यातून जायला कारणच उरलं नाही. नाव मात्र अजून सांगते, "उरणची". भाऊच्या धक्क्यासारखंच आहे हे. भाऊ अजिंक्यांनी बांधलेला मूळ धक्का वेगळ्याच जागी होता म्हणे. जागा बदलली, नाव चिकटलं.

पोरानं मला वरच्या बाकावर नेऊन बसवलं. "इथनं दिसंल सगला." मग धक्क्यापासून जे सुरू झाला! मावशी, तो डावीकडं अटल सेतू, बावीस किलोमीटर. (एकवीस पूर्णांक आठ. गप्प बसले.) मावशी, ते बुचर, तिथं तेलाची जहाजं लागतात. मावशी, ती घारापुरी, पांडवांनी एका रात्रीत खोदली. हे दादांनी मला सांगितलेलं, शब्द न् शब्द तसंच, पण पुढचं पोरगा विसरला की पहाट झाली म्हणून काम अर्धवट राहिलं. जीभ चावून बसले. सीगलना कुरकुरे टाकणारी एक फॅमिली शेजारी होती, त्यांनी मलाही मूठभर दिले. टाकले मीही.

आजी लाँचमध्ये 'रामदास'चं नाव काढू द्यायची नाही. १७ जुलै १९४७, आखाडाची अमावास्या, इथूनच रेवसला निघालेली ती बोट बुडाली, सहाशेवर माणसं गेली. आमच्या आळीतलं... जाऊ दे.

पण एक गंमत आत्ता लिहिताना लक्षात येतेय. मी वर कधी बसलेच नव्हते. कधीच नाही. आम्ही खाली, इंजिनाशेजारी, टोपल्यांच्या मधे, डिझेलच्या वासात, पदराआड नाक धरून. वर पुरुष आणि फिरायला आलेले. घारापुरी मी आयुष्यभर खालच्या फटीतून तुकड्या तुकड्यानं बघितली आणि आज साठीला टेकल्यावर एका पोरानं अख्खी दाखवली. मग "हो" तेवढं खोटंही नाही म्हणायचं. थोडं आहे. बरंचसं आहे.

मोऱ्याला उतरताना त्यानं हात पुढे केला. मी घेतला नाही. लाँच वर आली की पाय टाकायचा, खाली जाताना नाही, हे पायाला अजून ठाऊक आहे. त्यानं बघितलं असेल का? काही बोलला नाही. "उरणात बघण्यासारखं काय आहे रे?" मीच विचारलं, काय अवदसा आठवली कोण जाणे. "काय नाय मावशी. पीरवाडीला जा, समुद्र हाय."

सही पाच मिनिटांत झाली. पुढचं नाही लिहीत.

परतीला तोच पोरगा, तीच लाँच. "मावशी, कसा वाटला उरण?"

"पीरवाडी राहिली," मी म्हटलं.

"मंग परत या."

सोमवारी यायचंच आहे, दुसरा कागद राहिलाय. पण सोमवारी अष्टमी. आठ पाऊण सहा. बाराला सुकती, भर दुपारी गाळ. ट्रेननंच जावं लागणार.