आमची वाटचाल : आधी पट्टा, मग होल्स्टर

वडिलांच्या काळात आमच्याकडे एकच नमुना होता. झाकणाचं, कमरेला बाहेरून लटकणारं होल्स्टर, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हर ठेवायची चामडी खोळ, मुख्यतः सुरक्षारक्षकांसाठी. पुढे सराफ, बागायतदार, बिल्डर अशी परवानाधारक गिऱ्हाइकं वाढली आणि कामाची तऱ्हाच बदलली. त्यांना हत्यार दिसायला नको असतं. 2016 च्या शस्त्र नियमांचंही म्हणणं तेच : चारचौघांत हँडगन (पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर) होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेली आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात हवी.

आमच्याकडे जास्त काम कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनणाऱ्या .32 रिव्हॉल्व्हरचं. सहा गोळ्या, तीन इंची नळी, वजन सुमारे 700 ग्रॅम. एवढा भार फॅशनच्या पातळ पट्ट्यावर टाकला की पट्टा पिळतो, मूठ बाहेर कलते आणि शर्टावर फुगवटा येतो. बोल मात्र होल्स्टरला लागतो. म्हणून आता आम्ही शक्यतो जोडीच देतो. पट्टा 38 मिलिमीटर रुंद, दुहेरी शिवलेला, साडेचार-पाच मिलिमीटर जाड. होल्स्टरची पट्टा ओवायची फट त्याच मापाची, सैल चालत नाही.

होल्स्टरला सालीने कमावलेलं तीन मिलिमीटरचं चामडं लागतं. क्रोमने कमावलेलं स्वस्त पडतं, पण आकार धरत नाही. चामडं कोमट पाण्यात भिजवून आत डमी, म्हणजे त्याच मॉडेलची नकली प्रतिकृती, घालायची, सिलिंडर (गोळ्यांचं फिरतं नळकांडं) आणि ट्रिगर गार्डभोवती (चापाभोवतीची कडी) हाडाच्या पट्टीने दाबायचं आणि सावलीत वाळवायचं. उन्हात घाई केली की तडकतं. गिऱ्हाइकाचं हत्यार आम्ही ठेवून घेत नाही.

ट्रिगर गार्ड पूर्ण झाकलेला हवा, याला अपवाद नाही. रिकामं हत्यार घालून होल्स्टर उलटं धरलं तरी ते पडता कामा नये. हत्यार काढल्यावरही तोंड उघडंच राहावं म्हणून तिथे जादा पट्टी शिवतो. बाजारातल्या मऊ होल्स्टरचं तोंड आत दुमडतं. परत घालताना ती घडी नाहीतर शर्टाचं टोक ट्रिगरमध्ये शिरतं आणि गोळी मांडीत जाऊ शकते. तेव्हा काढताना वेग ठीक, घालताना नाही : डाव्या हाताने कपडा वर, बोट ट्रिगरबाहेर, नजर होल्स्टरवर.

कपड्यांत सगळ्यात अवघड झब्बा. त्याचा बाजूचा कट नेमका उजव्या कुशीवर येतो, खाली बसलं की उघडतो. होल्स्टर जरा मागे, घड्याळातल्या चारच्या जागी सरकवायचं, मूठ पंधराएक अंश पुढे झुकवायची आणि शिंप्याला कट चार बोटं खालून सुरू करायला सांगायचं. लेंग्याची नाडी हे वजन पेलत नाही. त्यासाठी लेंग्यावरून, झब्ब्याखाली बांधायचा वेगळा रुंद पट्टा करतो. बुशशर्ट सोपा : सरळ कडेचा, पट्ट्याखाली वीतभर उतरणारा, चौकडीचा असेल तर उत्तमच. अंगाला चिकटणारा टीशर्ट नको. बंडीचा फार भरवसा धरू नका, हात वर केला की ती कमरेच्या वर जाते. पँटच्या आत बसणारं होल्स्टर हवं असेल तर पँट कमरेत दोन इंच सैल शिवून घ्या. अंगाकडची बाजू आम्ही हॅमरच्या (मागच्या घोड्याच्या) वरपर्यंत उंच ठेवतो. घाम लोखंडाला लागत नाही आणि हॅमर कातडीला टोचत नाही.

पावसाळ्यात रिव्हॉल्व्हर रात्रभर होल्स्टरमध्ये ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि सिलिंडरवर गंजाचे ठिपके येतात. हत्यार पुसून, तेलाचा हात फिरवून कुलपात, होल्स्टर वाऱ्यावर.

मापाला येताना रोजचेच कपडे घालून या, हत्यार घरी ठेवा. मॉडेलचं नाव सांगितलं की पुरतं.