लॅपटॉपच्या तळाची जाळी मोकळी ठेवा
मांडीवर उशी घेऊन त्यावर लॅपटॉप ठेवण्याची मला अनेक वर्षे सवय होती, आणि पंख्याचा आवाज वाढला की यंत्र जुने झाले, असेच मी समजत असे. प्रत्यक्षात बहुतेक लॅपटॉप तळाच्या जाळीतून थंड हवा आत ओढतात. ती जाळी झाकली गेली की उष्णता आतच साचते आणि बरेच प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचताच स्वतःचा वेग कमी करतात. आता मी तो टणक टेबलावर, मागची बाजू बोटभर उचलून ठेवतो. एकदा तळ उघडला, तेव्हा पंख्याशेजारच्या पत्र्यांवर धुळीचा करडा, कापसासारखा थर बसलेला दिसला. तो काढताना लॅपटॉप पूर्ण बंद असावा आणि हवेच्या झोताने पंखा गरगर फिरू नये, म्हणून त्याचे पाते हलकेच अडवून धरावे.