घटस्फोटाला वकील लावायचा का?

बाँडवर सोडचिठ्ठी लिहिली, चार पंचांच्या सह्या घेतल्या, नोटरीचा शिक्का मारला की सुटलो, असं मराठवाड्यात अजूनही बरेच जण धरून चालतात. हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं लग्न या कागदाने मोडत नाही. समाजात काडीमोडीची जुनी रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण ती पुराव्यानिशी शाबीत करावी लागते. म्हणजे कोर्टाची पायरी चढायचीच, प्रश्न उरतो वकिलाचा.

वकील सक्तीचा नाही. उलट, छत्रपती संभाजीनगरसारख्या ठिकाणी कुटुंब न्यायालय आहे, तिथे १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम १३ नुसार वकील लावायला कोर्टाची परवानगी लागते. ती सहसा मिळते, हा भाग वेगळा.

दोघं राजी, लेकरू नाही, पोलीस केस नाही, देणंघेणं मिटलेलं, असं असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब चा संमतीचा अर्ज स्वतः चालवता येतो. आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं. अर्जानंतर सहा महिन्यांनी, पण अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा हजर राहायचं. हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ साली सांगितलं आहे.

तरीही अटींचा मसुदा एकदा वकिलाला दाखवाच. घोळ होतो तो तिथेच. ‘पोटगीचा हक्क सोडला’ असं आईने लिहून दिलं तरी लेकराचा हक्क त्यात जात नाही. हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, म्हणून सगळी रक्कम पहिल्याच तारखेला देऊन मोकळं होऊ नये. शेवटचा हप्ता शेवटच्या तारखेला, डीडीने. आणि ४९८-अ ची, म्हणजे सासरच्या छळाची केस (जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) असेल तर घटस्फोटाने ती आपोआप मिटत नाही. ती रद्द करायला हायकोर्टाच्या खंडपीठात अर्ज लागतो. हे काम वकिलाशिवाय करायच्या भानगडीत पडू नका.

दोघांत मिळून एकच वकील? खर्च वाचतो, पण मला पटत नाही. फी ज्याच्या खिशातून जाते, मसुदा त्याच्याकडे झुकतो.

समोरच्याने एकतर्फी अर्ज टाकला असेल तर पहिल्या तारखेआधीच वकील गाठा. ऊसतोडीला गेलेल्यांचं इथेच फसतं. जोडीदार टोळीबरोबर कारखान्यावर, घरी म्हातारी. बेलिफ तिच्या हातात समन्स देतो किंवा दारावर चिकटवून जातो, आणि निकाल एकतर्फी लागतो. तो रद्द करायला मुदत ३० दिवसांची. उशीर झाला तर उशिराचं कारण पटवत बसावं लागतं.

पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका समितीकडे अर्ज करा, फोन १५१००. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. खटला चालू असताना ज्याला स्वतःचं पुरेसं उत्पन्न नाही, त्याला हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली जोडीदाराकडून कोर्टखर्चही मागता येतो.

खासगी वकील लावणार असाल तर वकीलपत्रावर सही करण्याआधी विचारा: फी एकरकमी की तारखेगणिक, नक्कल काढायचा खर्च त्यात धरलाय का, आणि पावती मिळेल का. केस दाखल झाली की सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख क्रमांक, मागून घ्या, म्हणजे पुढची तारीख ईकोर्ट्स ॲपवर स्वतःच बघता येते.