पन्हाळ्याच्या पायथ्याहून शंभर वॅट: कॉन्टेस्टसाठी संच आणि शक्तीचा वर्ग

जगभरच्या हौशी रेडिओ (हॅम) स्थानकांशी संपर्क साधून गुण मिळवण्याच्या, ऑक्टोबरअखेरच्या सीक्यू वर्ल्डवाइड कॉन्टेस्टसाठी यंदा कोल्हापुरातील गच्ची सोडून आम्ही वाघबीळच्या अलीकडे एका परिचितांच्या शेतघरी मुक्काम केला. शहरात एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर यांच्यामुळे 40 मीटर बँडवरील (तरंगलांबीवरून ओळखला जाणारा लहरींचा पट्टा) गोंगाट संचाच्या सिग्नल-मीटरवर एस-7 पर्यंत चढतो. शेतात तो एस-2 च्या वर क्वचितच गेला. पन्हाळगड हे संरक्षित स्मारक आहे आणि मसाई पठार राखीव क्षेत्र आहे, त्यामुळे उंचीच्या मोहाने तेथे खांब उभारू नये. पायथ्याची खासगी जागा घ्यावी आणि परवान्यातील पत्त्याबाहेरून प्रक्षेपण करण्याच्या अटी निघण्यापूर्वीच पाहाव्यात.

या स्पर्धेत प्रक्षेपणाच्या शक्तीनुसार वर्ग आहेत: क्यूआरपी (अगदी कमी शक्ती) 5 वॅटपर्यंत, लो पॉवर 100 पर्यंत आणि हाय पॉवर 1500 पर्यंत असते. आपल्याकडे जनरल या वरच्या हौशी परवान्यालाही 400 वॅटचीच मर्यादा असल्यामुळे ॲम्प्लिफायर (शक्ती वाढवणारे यंत्र) नेणाऱ्याची गाठ थेट 1500 वॅटवाल्यांशी पडते, आणि 100 वरून 400 वर गेल्याने पदरात पडतात ते अवघे 6 डेसिबल, म्हणजे समोरच्याच्या सिग्नल-मीटरवर एक एस-युनिट (एक अंक). एवढ्यासाठी जनरेटर ओढत नेणे मला पटत नाही. रिस्ट्रिक्टेड या खालच्या परवान्याच्या 50 वॅटनाही लो पॉवरमध्ये मानाने उतरता येते. क्यूआरपी मात्र शंभर वॅटपेक्षा 13 डेसिबलने खाली असल्याने तेथे स्वतःची फ्रिक्वेन्सी धरून बसण्याऐवजी इतरांना शोधून हाक द्यावी लागते. ज्यांच्याकडे चिकाटी आहे त्यांनीच तो नाद करावा.

वाचलेले वजन आणि पैसे अँटेनाची केबल व खांब यांवर घालावेत. 30 मीटर आरजी-58 केबलमध्ये 28 मेगाहर्ट्झला दोन-अडीच डेसिबल सहज जातात, म्हणजे शंभरातले साठ वॅटच वर पोहोचतात. आम्ही म्हणूनच जाड आरजी-213 नेली. 40 मीटरसाठी सुमारे 20 मीटर तारेची इन्व्हर्टेड व्ही (उलट्या व्ही आकाराची अँटेना) फायबरच्या खांबावर चढवली, जी 15 मीटर बँडवरही चालते. बांधावरच्या मुरमात खुंट्या चार बोटांपलीकडे जाईनात, तेव्हा सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ताणाचे दोर त्यांना बांधले. परतीच्या पावसाचा गडगडाट ऐकू येताच केबल संचातून काढून घराबाहेर ठेवावी.

प्रक्षेपणात संच 20 अँपिअरच्या वर ओढतो, ऐकताना मात्र एखादाच, त्यामुळे 100 अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी दिवसभर पुरते आणि रात्री शेतघराच्या विजेवर भरून निघते. मात्र चार्जर चालू असताना त्याचाच गोंगाट ऐकू येत नाही ना, हे घरीच तपासून घ्यावे.

स्पर्धा शनिवारी पहाटे 5:30 ला सुरू होते. सकाळी 10 आणि 15 मीटरवर जपानी स्थानकांची रांग लागते, परंतु आशियातलाच देश म्हणून त्यांचा एकेकच गुण मिळतो. दुपारनंतरच्या युरोपचे तीन-तीन मिळतात, तेव्हा झोप सकाळी काढावी. लॉग (संपर्कांची नोंद) पाच दिवसांत पाठवायचा असतो. कोणत्याही बँडवर एकदा जरी 5 वॅट ओलांडले असतील, तर तो क्यूआरपीत न देता लो पॉवरमध्येच द्यावा.