रात्री तापणारी गाडी

"गाडी फक्त रात्री तापते," असं कुणी सांगितलं की आधी हसूच येतं. मलाही आलं होतं, पण मी ते आवरलं. त्या गाडीवर ऑइल टेंपरेचरचं गेज दोनच आठवड्यांपूर्वी मी स्वतः बसवलं होतं.

लांबच्या प्रवासाची मोठी मोटरसायकल, एअर-कूल्ड (वाऱ्याने गार होणारं) ट्विन इंजिन, पुढे रुंद फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं कव्हर, आणि खाली दोन फॉग लॅम्प. मालक साठीच्या घरातले, मोजकंच बोलणारे. त्या दिवशी मात्र वैतागलेले होते. "दिवसा काटा पंचाण्णववर असतो. अंधार पडला की सव्वाशे. हवा गार, वारा बोचतोय आणि तेल मात्र उकळायला निघालेलं! तीनदा थांबलो परवा. पंधरा मिनिटं थांबायचं, निघायचं, की पुन्हा तेच."

एअर-कूल्ड इंजिनात कूलंट नसतो, त्यामुळे आत काय चाललंय ते तेलच सांगतं. रस्त्यावर 90 ते 110 अंश दिसले तर मी काळजी करत नाही. 130 च्या पुढे काटा रेंगाळायला लागला की मात्र थांबलेलं बरं, कारण फार तापलेलं तेल पातळ होतं आणि बेअरिंगवरची त्याची फिल्म कमजोर पडते. म्हणजे मालक थांबले त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. काट्यावर विश्वास ठेवायला मीच सांगितलं होतं.

पहिला संशय सेन्सरवर. तेलाचा सेन्सर म्हणजे तापमान वाढलं की रेझिस्टन्स कमी होणारा एक तुकडा. गेज त्याच्यातून जमिनीकडे, म्हणजे अर्थकडे (बॅटरीच्या निगेटिव्हकडे), जाणारा करंट बघतं आणि त्यावरून काटा फिरवतं. एका जोडीचा सेन्सर दुसऱ्या जोडीच्या गेजला लावला तर काटा फिरतो, अगदी ऐटीत फिरतो, फक्त आकडा खोटा असतो. म्हणून तेल काढलं, ड्रेन बोल्टच्या जागी बसवलेला सेन्सर सोडवला, उकळत्या पाण्यात टांगला आणि त्याच्या अंगाला क्लिप लावून वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जोडली. काटा शंभरच्या किंचित खाली येऊन उभा राहिला. (ही परीक्षा घेताना आपण किती उंचीवर आहोत ते लक्षात ठेवावं. दर 300 मीटरला पाण्याचा उकळबिंदू साधारण एका अंशाने उतरतो.) सेन्सर आणि गेज एकमेकांचेच होते.

मग तांब्याचा नवा वॉशर घालून सेन्सर परत कसला. आट्यांवर मी टेफ्लॉन टेप लावत नाही. सेन्सरची अर्थिंग त्या आट्यांतूनच होते, आणि टेपने ती अडली तर काटा तळाला झोपून राहतो. नवं तेल भरलं. वायर सायलेन्सरच्या पाइपापासून लांब आहे ना ते पाहिलं, हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून ती कुठे ताणली जातेय का ते पाहिलं. सगळं ठीक. दुपार संपत आली होती आणि माझ्या हातात काहीच नव्हतं.

गाडी एक फेरी मारून आणली. काटा 95. संपवर, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यावर, काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि त्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला. उघड्या चकचकीत ॲल्युमिनियमवर तो थर्मामीटर हमखास कमी दाखवतो, म्हणून ही पट्टी. 92 आले. एवढा फरक चालतो.

तोवर अंधारून आलं होतं. गाडीच्या पुढे पडलेला पाना दिसेना म्हणून मी फॉग लावले. पाना उचलून वर पाहतो तर काटा 105 वर. मग 110. अगदी सावकाश, तेल खरंच तापत असल्यासारखा चढत होता. खाली वाकून थर्मामीटर धरला, पट्टी 92 च दाखवत होती. मी इंजिन बंद केलं आणि चावी चालूच ठेवली. इंजिन बंद, आणि काटा निवांत 120 वर जाऊन बसला!

फॉग बंद केले. तितक्याच संथपणे तो 95 कडे परतला.

या गेजच्या काट्याला आतून घट्ट द्रवाचं डॅम्पिंग असतं. खड्ड्यांनी तो नाचू नये म्हणून ते चांगलंच, पण त्यामुळेच मालकांना स्विच आणि काटा यांचा संबंध कधी कळला नाही. काटा उडी मारून चढला असता तर पहिल्याच रात्री उलगडा झाला असता. थांबल्यावर ते सगळं बंद करायचे, फॉग लावायच्या आधी चावी फिरवून बघायचे, काटा खाली. इंजिन गार झालं असं वाटून निघायचे.

फेअरिंग उघडलं. गेजची अर्थ वायर मी आतल्या लोखंडी ब्रॅकेटच्या बोल्टवर घेतली होती. फॉगची अर्थ त्याच बोल्टवर आधीपासून होती. हाताशी तयार बोल्ट होता, दुसरं काही कारण नाही. बोल्ट सोडला. थिंबलच्या (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खाली ब्रॅकेटवरचं पावडर कोटिंग, वीज अडवणारा रंगाचा थर, जसंच्या तसं, काळं, गुळगुळीत. धातू कुठे दिसत होता तर आट्यांपाशी, नखाएवढाही नाही.

बोल्ट परत लावून मल्टिमीटर व्होल्टवर घेतला, एक टोक गेजच्या अर्थवर आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर. फॉग बंद असताना जवळपास शून्य. फॉग लावले, 0.6 व्होल्ट. 35 वॉटचे दोन दिवे म्हणजे सहा अँपिअरच्या आसपास, म्हणजे त्या जोडात फक्त 0.1 ओहम अडकला होता. ओहमवर मोजला असता तर मीटरच्या स्वतःच्या वायरींतच तो लपला असता. सेन्सर इंजिनवर खऱ्या जमिनीला चिकटलेला आणि गेजची जमीन 0.6 व्होल्ट वर उचललेली. गेजच्या दृष्टीने सेन्सरचा रेझिस्टन्स घटला, म्हणजे तेल तापलं.

बसवून दिलं त्या दिवशी मी तपासणी केली होती. सेन्सरची वायर काढली की काटा तळाला, इंजिनला टेकवली की वरच्या टोकाला. पुस्तकी, बरोबर आणि भर दुपारी.

आता गेजची अर्थ वेगळ्या वायरने थेट इंजिनवर, सेन्सरजवळच्या बोल्टवर नेली. तिथला रंग पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासला. फॉगची अर्थ सरळ बॅटरीवर. मालक शेजारी उभे राहून बघत होते. "म्हणजे तेल तापलंच नव्हतं?"

"नाही."

"आणि मी मुक्कामाला पोचून नवं तेल टाकलं ते?"

"ते चांगलंच होतं हो. आज मीही टाकलं." त्या तेलाचे आणि कामाचे पैसे मी घेतले नाहीत. त्यांनी आग्रहही केला नाही, आणि ते योग्यच होतं.

फॉग लावून ते अर्धा तास फिरून आले. काटा 98. पुन्हा स्विच चालू-बंद, चालू-बंद करून स्वतःच खात्री केली, मग हेल्मेट घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुनी वही काढली. असंच गेज मी आधी तीन गाड्यांवर बसवलं होतं आणि बोल्ट कुठला पकडला ते एकाही पानावर नव्हतं. तिघांनाही फोन केले. चावी चालू, इंजिन बंद, पुढचे दिवे लावा आणि दोन मिनिटं काटा बघा. दोघांचा हलला नाही. तिसरा थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "दादा, हा चढतोय की."