पिकअपला पिकअप नाही

गेल्या जुलैत कॅलिफोर्नियात, आय-५ हायवेवर, कोलिंगा गावाच्या अलीकडे, भर दुपारी माझा ट्रक बंद पडला. बाहेर ४२ अंश. दोन्ही बाजूंना नजर पोहोचेल तिथवर बदामाच्या बागा आणि सावली मात्र फक्त माझ्याच ट्रकची. अर्ध्या तासाने, काहीच न करता, तो आपोआप सुरू झाला. गाडी कायमची मेली की माणूस रडून मोकळा होतो. अशी रुसून बसणारी आणि मनात आलं की चालू होणारी गाडी मात्र सहन होत नाही.

आधी शब्दांचा घोळ मिटवते. इथे ट्रक म्हणजे आपला मालट्रक नाही. पुढे केबिन, मागे उघडा हौदा, त्याला सगळे ट्रक म्हणतात. आपल्याकडे तिला पिकअप म्हणतील, आणि माझ्या पिकअपला पिकअप नाही, हेच तर दुखणं. मी फ्रेस्नोत राहते आणि ठिबक सिंचनाचं काम करते. जगातले जवळपास ८० टक्के बदाम कॅलिफोर्नियात पिकतात आणि ते सगळे पाण्यावर जगतात. त्यामुळे हौद्यात पाइपांची भेंडोळी, फिल्टर, व्हॉल्व्ह आणि चिखल कायम. ट्रक २००२ चा, पेट्रोलवर चालणारा व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचा, मीटरवर २ लाख १४ हजार मैल, म्हणजे साडेतीन लाख किलोमीटरच्या आसपास. कंपनीचं नाव लिहीत नाही. इतकी वर्षं राबलेल्या गाडीवरून कुणाला नावं ठेवायची?

शेजारी वॉल्ट राहतो. सत्तरी ओलांडलेला, सगळं आयुष्य ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात गेलेला. पहिल्या भेटीत मी त्याला ‘काका’सारखं काहीतरी म्हणायला शब्द शोधत होते, तर म्हणाला, फक्त वॉल्ट. तीन वर्षं झाली, अजून जीभ अडखळते. तर या वॉल्टने माझं गाऱ्हाणं ऐकलं, शेडचं दार उघडलं, ताडपत्री बाजूला केली आणि म्हणाला, “हे बसव. प्रश्न मिटला.”

ताडपत्रीखाली ५.३ लिटरचं एलएस घराण्यातलं इंजिन होतं. २००४ च्या, अपघातात चेपलेल्या एका एसयूव्हीतलं. म्हणाला, ६०० डॉलर दे, उतरवायला मदत करतो.

या इंजिनाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय मला भूल का पडली ते कळणार नाही. जनरल मोटर्सने १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये पहिलं एलएस दिलं. दोन वर्षांनी त्याच घराण्यातली ४.८, ५.३ आणि ६.० लिटरची इंजिनं त्यांच्या पिकअपमध्ये आणि मोठ्या एसयूव्हीत येऊ लागली, तीही लाखोंनी. कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, एकच, तोही खाली ब्लॉकमध्ये, वर फक्त पुशरॉड. वर कॅमशाफ्ट नसल्याने हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, छोटं, आणि त्यामुळे इतकं ताकदवान इंजिन असूनही ते कुठल्याही बोनेटखाली मावतं. भंगारवाड्यात रांगेने पडलेली मिळतात, स्पेअर कुठेही मिळतात. म्हणून या देशात कुणाचीही, कुठल्याही कंपनीची गाडी कुरकुरायला लागली की चार जण सांगतात, एलएस टाक. जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये टाकतात, बोटीत टाकतात.

मग दोन आठवडे मी रात्री व्हिडिओ बघत बसले. वीस मिनिटांत जुनं इंजिन साखळीला लटकून वर जातं, नवं खाली येतं, किल्ली फिरते आणि पोरं टाळ्या देतात. मधले तीन महिने कापलेले असतात.

एलएसवर समाधान न मानता मी डिझेलचंही स्वप्न पाहिलं. कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडर, त्यातही १९९४ ते १९९८ मधलं १२ व्हॉल्व्हचं. फ्युएल पंप पूर्ण मेकॅनिकल, म्हणजे एकदा सुरू झालं की इंजिन चालत ठेवायला कॉम्प्युटर लागतच नाही. सेन्सरने दगा दिलेल्या माझ्यासारख्या बाईला हे ऐकायला किती गोड वाटतं! वजन मात्र अर्धा टन. पुढचं सस्पेन्शन, स्प्रिंगा, सगळं त्या वजनाला वाकलं असतं. पण ती अडचण पुढची होती. त्याआधी कायदा आडवा आला.

आपल्याकडे आरसीवर चेसिस नंबराच्या जोडीला इंजिन नंबर असतो, इंजिन बदललं की आरटीओत नोंद करावी लागते. इथल्या मालकीच्या कागदावर फक्त व्हिन, म्हणजे सतरा अक्षरांचा गाडीचा नंबर. मला वाटलं, इंजिन बदललं तर विचारणार कोण? विचारतात, पण मागच्या दाराने. कॅलिफोर्नियात माझ्या ट्रकसारख्या गाडीची दर दोन वर्षांनी स्मॉग, म्हणजे प्रदूषणाची, तपासणी होते, आणि ती पास झाल्याशिवाय नोंदणीचं नूतनीकरण होत नाही. २००० आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना नळकांड्यात नळी घालून धूर मोजत नाहीत. गाडीच्या कॉम्प्युटरला वायर जोडून त्यालाच विचारतात. पण तपासणारा बोनेट उघडून डोळ्यांनीही बघतो, आणि इंजिन मूळचं नाही असं दिसलं की तुमची रवानगी रेफरीकडे. हो, रेफरीच. राज्याच्या वाहनदुरुस्ती खात्याने नेमलेला. तो सगळं तपासतो आणि पटलं तर गाडीला एक लेबल चिकटवतो, त्यानंतरच गाडी पुढे जाते.

रेफरीचे नियम कळायला अवघड नाहीत, पाळायला आहेत. नवं इंजिन गाडीच्याच सालातलं किंवा नंतरचं हवं. हलक्या गाडीत अवजड गाडीचं इंजिन चालत नाही. आणि ते इंजिन ज्या गाडीतून आलं, तिथल्या प्रदूषण रोखणाऱ्या सगळ्या वस्तू बरोबर यायला हव्यात: धुरातलं विष कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलची वाफ अडवणारा डबा, कॉम्प्युटर, सगळं.

म्हणजे माझ्या २००२ च्या ट्रकमध्ये १९९६ चं कमिन्स बसणार नाही. सगळ्यात भरवशाचं इंजिन सालाच्या एका आकड्यावर बाद. वॉल्टचं इंजिन २००४ चं, ते चालतं. मी पेढे वाटायच्या बेतात होते. मग त्याच्या अंगणात पडलेल्या त्या एसयूव्हीच्या खाली वाकून पाहिलं. कन्व्हर्टरच्या जागी दोन कापलेली टोकं. वॉल्टने ती घेण्याआधीच कुणीतरी करवतीने कापून नेली होती. आतल्या प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियमसाठी ही चोरी इथे रोजची झाली आहे. बाजारात दुसरी मिळतात, पण कॅलिफोर्नियात राज्याच्या मंजुरीचा नंबर कोरलेलीच लावावी लागतात, आणि ती स्वस्त नसतात.

एका रविवारी कागद घेऊन बसले. इंजिन ६०० डॉलर. त्याच्या खालची यादी अशी वाढत गेली की इंजिन हा सगळ्यात किरकोळ खर्च ठरला. माझा गिअरबॉक्स दुसऱ्या कंपनीचा, तो या इंजिनाला जुळत नाही, म्हणजे गिअरबॉक्सही बदला. तो बदलला की प्रॉपेलर शाफ्टची लांबी बदलते. इंजिन माउंट नवे. ऑइल पॅन माझ्या क्रॉस मेंबरला अडकणार, म्हणून तोही वेगळा. वायरिंग हार्नेस नवा, कॉम्प्युटर नव्याने प्रोग्रॅम करून त्यातलं चोरीरोधक कुलूप काढायचं, नाहीतर सुरू झालेलं इंजिन दोन सेकंदांत गप्प बसतं. एसीचे पाइप, स्टिअरिंगचे पाइप, रेडिएटरचे होज. डॅशबोर्डवरचे काटे नव्या कॉम्प्युटरशी बोलतील की नाही, हा निराळाच प्रश्न. सगळं स्वतः केलं तरी साडेसहा हजार डॉलर, कन्व्हर्टर सोडून. गॅरेजला दिलं तर तासाला १६० डॉलर मजुरी, आणि तास किती ते कुणी लिहून देईना. ट्रक विकला तर चार हजार येतील, तेही घेणारा भला असेल तर.

नवऱ्याने कागद पाहिला, काही बोलला नाही. चहा मात्र स्वतः करून आणला. आमच्याकडे याचा अर्थ ‘नको’.

मग दादाला फोन लावला. दादाचा टेम्पोचा धंदा, तीस वर्षं गाड्यांतच. त्याने माझी सगळी एलएस-पुराणकथा शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, “अगं, आत्तापर्यंत बंद कशाकशाने पडली?”

“बऱ्याच कशाने.”

“बऱ्याच म्हणजे काय? लिहून काढ. आणि इंजिन उतरवायच्या आधी अर्थिंग बघितलीस का?”

मला थोडा रागच आला. मी इंजिन बदलायच्या गोष्टी करतेय आणि हा अर्थिंगच्या. पण ग्लव्हबॉक्समध्ये सगळ्या पावत्या कोंबलेल्या होत्या, त्या जमिनीवर पसरल्या. चार वर्षांत आठ वेळा ट्रकने मला दगा दिला होता. एकदा पेट्रोल पंप, म्हणजे टाकीतला. एकदा अल्टरनेटर. एकदा इग्निशन कॉइल. एकदा बॅटरी उतरली, आणि नवी घालूनही पुन्हा उतरली, कारण इंजिनपासून चेसिसला जाणारी अर्थची पट्टी कुजून हिरवी झाली होती. दादाला हे मी अजून सांगितलेलं नाही. कोलिंगाचा तो प्रकार क्रँक सेन्सरचा, म्हणजे इंजिनाच्या फिरण्याची खबर कॉम्प्युटरला देणाऱ्याचा, निघाला. तापला की सिग्नल तुटतो, गार झाला की जुळतो. रेडिएटरची प्लॅस्टिकची बाजू एकदा तडकली. फॅनचा क्लच ग्रेपव्हाइनच्या चढावर गेला. बेकर्सफील्डहून लॉस एंजेलिसकडे जाताना दरीच्या सपाटीतून रस्ता एकदम सुमारे ४,१०० फुटांवर चढतो, तो हा चढ. गाडी तापू नये म्हणून एसी बंद करा, अशी पाटीच आहे तिथे. मी केला नव्हता.

आठातले सात इंजिनच्या बाहेरचे. आणि यातलं बरंचसं, टाकी, रेडिएटर, अर्थिंग, फॅनपुढची हवा, हे सगळं इंजिन बदलल्यावरही तिथेच राहणार होतं. नवं इंजिनही त्याच कुजक्या पट्टीवर आणि त्याच रेडिएटरवर चाललं असतं. वॉल्टसमोर कागद ठेवला तेव्हा त्याने टोपी मागे सरकवली आणि म्हणाला, “आठवा कसला?”

आठवा खरा होता. मार्चपासून इंजिन मिसिंग मारत होतं, सिग्नलला उभं राहिलं की सगळी केबिन थरथरायची. कॉइल बदलून, प्लग बदलून फरक नाही. म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजलं. सात सिलिंडर १५० ते १६० च्या मधे, आणि सातव्या नंबरचा एकटा ९५ पीएसआय. वॉल्टने त्यात चमचाभर ऑइल ओतायला लावलं आणि पुन्हा मोजलं. ऑइलने प्रेशर वाढलं तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असं समजायचं, म्हणजे अख्ख्या इंजिनाचं काम. वाढलं नाही. मग सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरून कान लावायचा. ऑइल भरायच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गास्केट, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. मी मागे जाऊन उकिडवी बसले. सायलेन्सरमधून सापासारखा आवाज येत होता.

व्हॉल्व्ह जळालेला. का जळाला? माझा आणि वॉल्टचा अंदाज एकच: ग्रेपव्हाइनवर तापला तेव्हा. म्हणजे तेही पाप फॅनच्या क्लचचं, आणि थोडं माझ्या एसीचं.

हेड उतरवायला आम्हाला दोन शनिवार लागले. एक्झॉस्टचे दोन बोल्ट तुटले, त्यात एक अख्खी संध्याकाळ गेली आणि मराठीतल्या काही शब्दांचा वॉल्टला परिचय झाला. सिलिंडरच्या भिंतींवर होनिंगच्या, म्हणजे कारखान्यात घासताना पडलेल्या, तिरप्या रेघा अजून दिसत होत्या. इतकं चालून! वॉल्टने बोट फिरवून पाहिलं आणि थोडासा हिरमुसला. त्याला आतून काहीतरी मोडलेलं सापडायला हवं होतं.

हेड आता मशीन शॉपमध्ये आहे. व्हॉल्व्ह नवे, सीट घासून, पृष्ठभाग सपाट करून गुरुवारी मिळेल. बोल्ट नवे आणलेत, कारण हे एकदा ताणून बसवले की पुन्हा वापरायचे नसतात. रेडिएटर नवा, फॅनचा क्लच नवा, अर्थच्या तीन जाड पट्ट्या. सगळं मिळून अकराशे डॉलरच्या आत बसेल असं दिसतंय. तोवर मी नवऱ्याच्या कारने बागांत जातेय आणि मागच्या सीटवर फिल्टरचा चिखल पडतो तेव्हा तो परत चहा करून आणतो.

वॉल्टची ताडपत्री अजून तिथेच आहे. काल संध्याकाळी कुंपणावरून ओरडून सांगत होता, कन्व्हर्टरची एक चांगली जोडी कुठे मिळते ते त्याला कळलंय, मंजुरीच्या नंबरासकट.