चोक वायर तापली तेव्हा

गाडी १९८०च्या दशकातली प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी पेट्रोल इंजिन. बराच काळ उभी होती, मध्ये तिला नवा रंग दिलेला. किल्ली फिरवली की सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) जड फिरायचा आणि इंजिन पकडायचं नाही. आमच्याकडे टो करून आणण्यापूर्वी बॅटरी, कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) आणि प्लग बदलून झाले होते. सेल्फही उघडून साफ केलेला होता. फरक शून्य.

एवढं उभं राहिलेलं इंजिन सरळ सेल्फवर घेऊ नये. आम्ही चारही प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये छोटा चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि पुली हातानं फिरवली. कुठे अडलं नाही. काढलेला प्लग इंजिनाला टेकवून सेल्फ मारला तर ठिणगी पिवळी, बारीक, मधूनच गायब. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) काळे पडले होते. ते बारीक पॉलिश पेपरनं घासले, स्वच्छ कागद ओढून धूळ काढली, फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फट ०.४५ मिलिमीटर ठेवली. ठिणगी थोडी सुधारली, पण निळी होईना.

तेवढ्यात डॅशबोर्डजवळ प्लॅस्टिक भाजल्याचा वास आला. चोकच्या (थंड इंजिनासाठी कार्बोरेटरची हवा कमी करणाऱ्या खटक्याच्या) तारेची नळी हात लावता येणार नाही इतकी गरम होती! चोक वायर तापते तेव्हा एकच अर्थ निघतो: सेल्फचा करंट परतीची वाट शोधत तिच्यातून चालला आहे.

पद्मिनीत बॅटरीची निगेटिव्ह केबल बॉडीला जाते. इंजिन मात्र रबरी माउंटिंगवर बसलेलं, म्हणजे बॉडीपासून तुटलेलं. दोघांना जोडते ती विणलेली तांब्याची अर्थ (अर्थिंगची) पट्टी. ती निकामी झाली की करंट कार्बोरेटरमार्गे चोक आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या तारांतून जातो.

इथे बहुतेक जण मल्टिमीटर ओहमवर ठेवून पट्टी तपासतात, आणि फसतात. पट्टीचे दोनचार धागे शाबूत असले तरी मीटर शून्याजवळच दाखवतो. सेल्फ साधारण १०० अँपिअर ओढतो, नुसत्या ०.०३ ओहमवर ३ व्होल्ट जातात, आणि साध्या मीटरला ०.०३ ओहम दिसतच नाही. म्हणून भार देऊनच मोजायचं. मीटर डीसी व्होल्टवर, काळी तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे), लाल तार इंजिन ब्लॉकवर. कॉइलची जाड वायर डिस्ट्रिब्युटरमधून काढून अर्थला टेकवायची, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही आणि कॉइलही सुरक्षित राहील. मग सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर दोष आहे. आमच्याकडे ३.४ आला. बॅटरी ते बॉडी ०.१, बॉडी ते इंजिन ३.३. आता कॉइल बदलून काय होणार होतं? सेल्फ फिरताना तिला जेमतेम साडेसहा व्होल्ट मिळत होते.

पट्टी सोडवली. धागे हिरवे पडून निम्मे तुटलेले, आणि बॉडीकडच्या टोकाखाली नव्या रंगाचा जाड थर. रंगकाम करताना ही जागा मास्किंग टेपनं झाकायला हवी, ते राहून जातं. दोन्ही जागा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासल्या, २५ चौरस मिलिमीटरची नवी पट्टी दातेरी वॉशर घालून आवळली, वरून पेट्रोलियम जेली लावली. पुन्हा मोजलं: ०.१५ व्होल्ट. सेल्फ जोमानं फिरला, ठिणगी निळी.

प्लग बसवले, कार्बोरेटरच्या घशात दोन चमचे पेट्रोल घातलं. इंजिनानं पकडलं आणि लगेच बंद पडलं. इग्निशन बरोबर होतं, पेट्रोल पोहोचत नव्हतं. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाच्या आत येणाऱ्या बाजूला वेगळ्या कॅनची नळी जोडली, बाहेरच्या बाजूला बाटली धरली आणि सेल्फ मारला. तरी थेंब नाही, म्हणजे दोष पंपातच. त्यातला डायफ्राम (पेट्रोल ओढणारा रबरी पडदा) कडक होऊन तडकलेला. अशा वेळी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) ओढून हुंगावी: पातळी खुणेच्या वर आणि पेट्रोलचा वास असेल तर पेट्रोल फाटक्या डायफ्राममधून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलमध्ये, उतरलं आहे. इथे तसंच होतं. त्या पातळ ऑइलवर इंजिन चालवलं तर बेअरिंग जातात, म्हणून आधी ते पूर्ण काढलं.

डायफ्राम किट घेताना ते पेट्रोलमधल्या इथेनॉलला टिकणारं आहे का हे विचारून घ्यावं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने पंप मिळतात, पण ते रबरही त्याच वयाचं असतं. टाकीतलं शिळं पेट्रोल काढलं, रबरी नळ्या बदलल्या, कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल जाण्याची बारीक भोकं) हवेनं साफ केले. जेटमध्ये तार कधीच घालू नये, भोक मोठं होतं.

नवं २०डब्ल्यू-५० ऑइल आणि फिल्टर घातल्यावर गाडी अर्ध्या चोकवर सुरू झाली. चोक वायर मात्र बदलावीच लागली, कारण उष्णतेनं ती आत चिकटत होती. आत राहिलेलं पेट्रोलमिश्रित ऑइल निघून जावं म्हणून साधारण २०० किलोमीटरनंतर ऑइल पुन्हा बदलायला सांगितलं.